कोपऱ्यांचे पैसे

गोल गोधडीचा भाव कसा लावायचा, हा प्रश्न विलो फोर्क गावात त्या उन्हाळ्याआधी कुणालाही पडला नव्हता. गोधडी चौकोनीच असते. माणूस पलंगावर चौकोनातच झोपतो. त्यामुळे लांबी गुणिले रुंदी करायची, येईल त्या आकड्याला चौरस इंचाच्या दरानं गुणायचं, की लवोना श्रेडरचा हिशेब संपायचा. हिशेब संपायचा खरा, पण तो गिऱ्हाइकाला तोंडानं सांगायची वेळ आली की तिची जीभ टाळूला चिकटायची. "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या," असं ती म्हणायची, आणि नेब्रास्कातल्या माणसांना जे योग्य वाटतं ते नेहमीच थोडं कमी असतं.

मशीन तिच्या तळघरात होतं. दोन भिंतींच्या मध्ये जेमतेम मावेल अशी लांबलचक चौकट, वर आणि खाली रूळ, त्या रुळांवर गोधडीचं अस्तर ताणून बांधायचं, त्यावर कापूस, त्यावर वरचं कापड, आणि मग शिलाईचं डोकं हातानं फिरवत टाके घालायचे. गावातली शाळा बंद पडली तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरातली लवोनाची नोकरीही गेली. हाती आलेली रक्कम तिनं या मशीनमध्ये घातली. तिचा नवरा मर्व्ह त्याला "लवोनाचा छंद" म्हणायचा. मर्व्हच्या शेडमध्ये दोन ट्रॅक्टर होते. त्यातला एक कित्येक वर्षांत चालू झाला नव्हता, आणि त्याला तो धंदा म्हणायचा.

छंद हा शब्द लवोनाला फार लागायचा. आपला भाव आपल्या तोंडानं सांगायचा आणि समोरच्यानं तो मुकाट्यानं द्यायचा, एवढी एकच गोष्ट तिला हवी होती. शेजारच्या आयलीन पोकॉर्नीला तिनं हे सांगितलं, तेव्हा आयलीन म्हणाली, "मग पाटी लाव. पाटीला लाज वाटत नाही."

सल्ला चांगला होता. पाटी बाकीच्यांहून वेगळी दिसावी म्हणून, आयलीनच्याच सल्ल्यानं, मर्व्हकडून एक गोल फळी कापून घेतली. गावच्या कचेरीत पाटीची परवानगी घ्यायला गेल्यावर तिथल्या बाईनं पट्टी लावून पाटीची लांबी मोजली, मग रुंदी मोजली, दोन्हींचा गुणाकार केला आणि शुल्क सांगितलं.

"अहो, पण पाटी गोल आहे," लवोना म्हणाली.

"नियमात गोल नाही," बाई म्हणाली.

लवोनानं पैसे भरले. तिची तक्रार नव्हती. उलट गोलाचे कोपरे सरकारसुद्धा धरतं म्हटल्यावर तिला एक प्रकारचा धीर आला, आणि घरी येऊन तिनं पाटीवर खाली लिहिलं : भाव लांबी गुणिले रुंदी, सर्वांना सारखा.

पाटीवरचा रंग पुरता वाळला नव्हता, तेवढ्यात ऑर्फा नायस्ट्रॉम आल्या.

ऑर्फाबाई म्हणजे बँकेच्या हार्लनच्या विधवा. हार्लननं आयुष्यभर गावाला कर्जं दिली आणि त्याहून जास्त वेळा नाकारली. त्याच्या मागे बाईंकडे बरीच जमीन होती. त्यातला एक मोठा चौकोनी तुकडा मर्व्ह खंडानं कसत होता. म्हणजे ऑर्फाबाई एकाच वेळी लवोनाच्या गिऱ्हाईक आणि तिच्या नवऱ्याच्या जमीनमालकीण होत्या. त्यांनी मोटारीतून एक पेटी काढली, ती तळघरात आणून उघडली आणि आतलं कापड जमिनीवर पसरलं.

कापड कसलं, हार्लनचे सगळे टाय होते. अरुंद टोकं मध्यभागी, रुंद टोकं बाहेर, एकाला एक जोडून बाईंनी मोठं सूर्यफूल केलं होतं. निळे, लाल, ठिपक्यांचे, बदकांचे. आणि त्यात एक तपकिरी, बारीक रेघांचा. तो टाय गावात सगळ्यांना ठाऊक होता. कर्जाला नाही म्हणायचं असेल त्या दिवशी हार्लन तोच घालायचा. तरुणपणी मर्व्ह शेजारची जमीन घेण्यासाठी कर्ज मागायला गेला होता, तेव्हा खुर्चीवर बसायच्या आधीच त्याला उत्तर कळलं होतं.

"टेबलावर घालायचीय," ऑर्फाबाई म्हणाल्या. "किती होतील?"

लवोनानं भिंतीशी वाळत ठेवलेल्या पाटीकडे बोट दाखवलं. बोट दाखवायला जीभ लागत नाही, हाच पाटीचा फायदा. बाईंनी पाटी वाचली, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"लांबी गुणिले रुंदी? अगं लवोना, याला लांबी कुठेय? हा गोल आहे. कोपरे कुठे आहेत ते दाखव मला."

"तसं नाही हो ऑर्फाबाई. मशीनवर गोल चढत नाही. अस्तर चौकोनी लावावं लागतं, कापूस चौकोनी लागतो, मगच..."

"ते तुझ्या मशीनचं दुखणं. माझ्या कापडाला कशाला औषध? जे नाही त्याचे पैसे हार्लननं कधी दिले नाहीत, मीही देत नाही. गोलाचे घे." आणि त्यांनी उभ्या उभ्या व्यास अर्धा करून, त्याचा वर्ग करून, सव्वातीनहून जरा कमीनं गुणून आकडा सांगितला. तो पाटीच्या भावाहून पाचवा हिस्सा कमी होता.

लवोना म्हणाली, "बघते." नेब्रास्कात याचा अर्थ नाही असा होतो, पण तो समोरच्यानं समजून घ्यायचा असतो. ऑर्फाबाई समजून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या.

जेवताना तिनं मर्व्हला हे सांगितलं. मर्व्ह चार पैसे सुटावेत म्हणून भांडणारा माणूस, तो आपली बाजू घेईल यात तिला शंका नव्हती. मर्व्हनं बटाट्याचा घास गिळला आणि म्हणाला, "बरोबर आहे तिचं."

लवोनाला आपण चुकीच्या घरात जेवायला बसलो आहोत असं वाटलं. लग्न झाल्यापासून ऑर्फाबाईंचं काही बरोबर आहे असं मर्व्ह कधी म्हणाला नव्हता.

"अगं, नीट ऐक," मर्व्ह म्हणाला आणि त्यानं ताट पुढे ओढलं. "हे तिचं शेत. चौकोन. मधे खुंटा, त्याच्याभोवती पाण्याचा नळ गोल फिरतो. पाणी पडतं ते गोलात, मका येतो तो गोलात. चार कोपऱ्यांत काय येतं? काटेरी गवत. आणि मी खंड कशाचा भरतो? पूर्ण चौकोनाचा! वीस वर्षं सांगतोय तिला, गोलाचा घ्या. ती म्हणते, कोपरेही माझेच आहेत. आता तिनं स्वतःच्या तोंडानं म्हटलंय की गोलाचे पैसे गोलाएवढे. तू फक्त हो म्हण. पुढचं मी बघतो. करार सप्टेंबर लागायच्या आत ठरतो."

"म्हणजे माझं मशीन तुझ्या मक्यासाठी?"

"आपल्या मक्यासाठी," मर्व्ह म्हणाला आणि अजून थोडी ग्रेव्ही घेतली.

इथवर ही गोष्ट दोन बायकांची आणि एका टेबलाची होती. दुसऱ्या दिवशी मर्व्ह धान्य सोसायटीत कॉफी प्यायला गेला आणि ती गावाची झाली. तिथल्या टेबलाशी बसणाऱ्यांत दोन तट पडले. ज्यांची जमीन स्वतःची होती ते चौकोनाकडे गेले. जे खंडानं कसत होते ते गोलाकडे. ज्यांच्याकडे दोन्ही होतं त्यांना कॉफी कडू लागायला लागली. पोस्टात, दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर लोक लवोनाला थांबवून विचारायचे, "कोपऱ्यांचं काय ठरलं?" टाके कसे येतायत, कापूस कुठला घातला, दोरा कुठला वापरते, हे एकानंही विचारलं नाही. रविवारी पाद्रीबाबांनी प्रवचनात कोपऱ्यांचा ओझरता उल्लेख केला. दोन्ही पक्षांना तो आपल्याच बाजूचा वाटला.

आयलीन पोकॉर्नी तडजोडीचा मार्ग घेऊन आली. तडजोड हा तिचा हातखंडा होता.

"निम्मे कोपरे घे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"दोन. वरचे दोन. खालचे सोडून दे."

"आयलीन, गोल गोधडीला वरची बाजू कुठली?"

आयलीननं थोडा विचार केला. "मग टेबल बघून ठरव," ती म्हणाली.

लवोनाला एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. तिच्या कामाची किंमत काय, हे गावात सगळे ठरवत होते. ती सोडून. आणि हे ठरवणाऱ्यांत तिचा नवरा सगळ्यात पुढे होता. एके दुपारी ऑर्फाबाईंचा फोन आला. "काय ठरलं गं?" मर्व्ह दारात उभा राहून मान हलवत होता. लवोना म्हणाली, "बरं, गोलाचे द्या."

मर्व्हनं टोपी काढून पुन्हा घातली. त्याचा तो आनंदाचा सर्वोच्च आविष्कार होता.

आता, आमच्याकडच्या माणसाला तोंडानं भांडता येत नाही हे खरं. पण भांडण असतंच, ते दुसरीकडून बाहेर पडतं. कुणी लाकडं फोडतं, कुणी कोठार झाडतं. लवोना तळघरात गेली आणि कात्री घेतली. गोलाचे पैसे तर गोलाचं काम! अस्तराचं नवं कोरं कापड तिनं चौकोनी पसरलं, त्यावर गोल आखला आणि चारही कोपरे कापून टाकले. मग कापसाचे कापले. कापताना तिला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की आपण नक्की काय करतोय हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

ध्यानात आलं ते चौकटीवर चढवताना. चौकोनी कापडाची आख्खी कड रुळाला टाचता येते, बाजूंना चिमटे लावता येतात, मग ते ढोलाच्या कातड्यासारखं ताठ बसतं. गोल कापडाची कड रुळाला एकाच जागी टेकते. बाकीची हवेत. लवोनानं चिंध्यांच्या पट्ट्या लावून ती बांधून काढली. त्या वेळी थांबायला हवं होतं. पण थांबायचं म्हणजे आपण रागात मूर्खपणा केला हे स्वतःला सांगायचं, आणि ते सांगायला ती अजून तयार नव्हती. तिनं टाके घालायला सुरुवात केली.

टाय उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरका, कापलेला असतो. म्हणून तर त्याची गाठ छान वळते. आणि म्हणूनच तो कुठल्याही बाजूला ओढला की ताणला जातो. मध्यभागी ताण, कडेला ढिलाई, आणि वरून सगळे उरेब टाय. शिलाई संपली, लवोनानं गोधडी सोडवून जमिनीवर ठेवली, आणि गोधडी जमिनीवर बसेना. मधोमध ती पालथ्या कढईसारखी उभी राहिली. कडेनं झालर आली. लवोनानं एका बाजूनं दाबली, दुसरी वर आली. दुसरी दाबली, पहिली आली.

आयलीनला बोलावणं धाडावं लागलं. "वाफ दे," आयलीन म्हणाली. "वाफेनं सगळं बसतं. माझी बहीण आपल्या नवऱ्याची लोकरी टोपी वाफेनंच बसवायची." दोघींनी वाफेची इस्त्री लावली. कढई किंचित खाली आली. तेवढ्यात करपल्याचा वास आला. बाकीचे टाय रेशमी होते, तपकिरी मात्र स्वस्तातल्या धाग्याचा होता. तो आक्रसला आणि त्यावर इस्त्रीच्या टोकाएवढा चकचकीत डाग उठला.

आयलीनला घरी ओव्हनमध्ये काहीतरी ठेवल्याचं आठवलं.

मर्व्ह तळघरात डोकावला तेव्हा लवोना जमिनीवर बसली होती. त्यानं डाग पाहिला. त्यानं तो बराच वेळ पाहिला. "चांगला भाजलाय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात सहानुभूती होती असं म्हणता येणार नाही.

त्या दिवशी लवोना रडली. मशीन विकून टाकावं असं तिला वाटलं. छंदच होता तो, मर्व्हचं बरोबर होतं. धंदेवाईक माणूस रागात कोपरे कापत नाही. मग तिनं तोंड धुतलं, ऑर्फाबाईंना फोन केला आणि म्हणाली, "तुमची गोधडी मी बिघडवली. येऊन बघून जा."

ऑर्फाबाई आल्या. जिन्यावरून एकेक पायरी उतरल्या, खुर्ची मागितली आणि बसून त्या कढईकडे बघत राहिल्या. लवोनानं सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. पट्ट्या दाखवल्या, कापलेले कोपरे टोपलीतून काढून दाखवले.

"उसवून पुन्हा करते," ती म्हणाली. "या कामाचे काही घेणार नाही. तो टायसुद्धा..."

"आकडा आहे का अजून एक?" ऑर्फाबाई म्हणाल्या.

"कसला?"

"टाके उसवायचा. मला काय हात नाहीत?"

मग दोघी गोधडी मांडीवर घेऊन बसल्या, एक या बाजूनं, एक त्या बाजूनं. उसवताना ऑर्फाबाईंच्या हातात तपकिरी टाय आला. त्यांनी डागावरून अंगठा फिरवला.

"याचं दुःख करू नकोस. मलाही तो आवडायचा नाही. आलेल्या माणसाला नाही सांगायचं असलं की हाच घालायचा. मी विचारलं एकदा, हाच का? तर म्हणाला, बाकीचे खराब व्हायला नकोत." त्यांनी दोन टाके तोडले. "हा घातला त्या दिवशी घरी येऊन जेवायचा नाही. ताटाशी बसायचा, पण जेवायचा नाही. ती शेतीची वाईट वर्षं होती ना, तेव्हा एकदा महिनाभर हाच गळ्यात होता. वाळून काटकी झाला होता माणूस."

जिन्यावर पावलं वाजली होती, ती मधेच थांबली. मर्व्ह वरच्या पायऱ्यांवर होता. त्याच्या हातात दोन कप कॉफी होती.

"काढून टाकू का तो?" लवोनानं विचारलं.

"राहू दे. त्याचाच आहे." ऑर्फाबाईंनी दोरा फुंकून उडवला. "टेबल गोल आहे आमचं. दोघं होतो तेव्हा समोरासमोर बसायचो. आता कुठेही बसलं तरी बाकी सगळं टेबल रिकामंच दिसतं. कुठली बाजू माझी तेच कळत नाही. मी उभ्यानं जेवते हल्ली, ओट्याशी. म्हटलं, त्यावर याचं काहीतरी पसरलेलं असलं तर बसवेल."

लवोनाचे हात तेवढे चालू होते. एवढ्या गावानं कोपऱ्यांची चर्चा केली, आणि टेबलाविषयी तिनंही या बाईला एका शब्दानं विचारलं नव्हतं. याची तिला लाज वाटली.

शेवटचा टाका निघाला. अस्तर, कापूस आणि टाय वेगवेगळे झाले. लवोनानं फडताळातून नवं अस्तर काढलं, चौकोनी, आणि चौकटीवर चढवलं. वरची कड टाचली, खालची टाचली, चिमटे लावले, रूळ फिरवला. कापड ताठ झालं. मग तिनं टायांचं सूर्यफूल मधोमध ठेवलं आणि ते सपाट बसलं. ऑर्फाबाई उठून जवळ आल्या. कोपऱ्यातल्या रिकाम्या कापडावर त्यांनी बोट दाबून पाहिलं.

"हे धरून ठेवतं होय?"

"हो. यावर एकही टाका पडत नाही. पण हे नसलं तर ते बसत नाही."

"हं," ऑर्फाबाई म्हणाल्या. मग पाकीट उघडून विचारलं, "आता किती?"

पायऱ्यांवर मर्व्ह अजून उभा होता. कॉफी गार झाली असणार. लवोनानं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या उत्तरात वीस वर्षांचे कोपरे होते, काटेरी गवत होतं, आणि खरं सांगायचं तर वर्षाची बरीच मोठी रक्कम होती. तिला ती रक्कम माहीत होती. घरचं किराणा सामान तीच आणायची.

"लांबी गुणिले रुंदी, ऑर्फाबाई," ती म्हणाली. "कोपऱ्यांसकट. आधीची चूक माझी होती, तिचे पैसे नकोत. पण हे कोपऱ्यांसकट." आणि तिनं आकडा सांगितला. आवाज थोडा कापला, पण आकडा पूर्ण आला.

ऑर्फाबाईंनी चेक लिहिला. लिहिता लिहिता मान वर न करता त्या म्हणाल्या, "मर्व्ह, तुझा खंड गेल्या वर्षीइतकाच. ऐकलंस ना तुझ्या बायकोनं काय सांगितलं ते?"

"ऐकलं," मर्व्ह म्हणाला.

"आणि ते कापलेले कोपरे दे गं बांधून. हे काम झालं की याचेही कोपरे दे. पैसे भरलेत मी."

मर्व्ह पुढचे कित्येक दिवस जेवताना फक्त हवामानाविषयी बोलला. लवोनानंही हवामानाविषयीच उत्तरं दिली. गोधडी झाली, सपाट झाली, ऑर्फाबाई घेऊन गेल्या. सोसायटीच्या टेबलाशी गोल पक्षाचा दारुण पराभव झाला, आणि तो श्रेडरांच्या घरातूनच झाला म्हणून मर्व्हला रोज कुणी ना कुणी टोमणा मारायचं. तो कॉफी पिऊन घरी यायचा.

मका निघाल्यावर चर्चच्या तळघरात दरवर्षीसारखं चिलीचं जेवण होतं. चिली म्हणजे राजमा-खिम्याचा रस्सा, सोबत दालचिनीचे रोल, लांब बाकांवर सगळं गाव. सोसायटीचा एक माणूस मर्व्हच्या समोर येऊन बसला. ख्रिसमसच्या झाडाखाली घालायला चर्चला एक गोल गोधडी करून हवी होती. त्यानं बाकावर बसलेल्या सगळ्यांकडे एकदा नजर टाकली आणि मोठ्यानं विचारलं, "काय रे मर्व्ह, चर्चला गोलाचे किती लावणार तुम्ही? की आमच्याकडूनही कोपरे घेणार?"

लोक हसायला लागले. लवोनानं चमचा खाली ठेवला.

मर्व्हनं रोलचा तुकडा चिलीत बुडवला आणि खाल्ला. त्यानं तो नीट चावून खाल्ला.

"मला कशाला विचारतोस?" तो म्हणाला. "मला मी कसतो त्या जमिनीचा खंड ठरवता आला नाही. धंदा तिचा आहे. तिला विचार."

सगळे लवोनाकडे वळले. तिची जीभ टाळूला चिकटायला निघाली होती, पण वेळेवर सुटली.

"व्यास किती आहे?" तिनं विचारलं. त्यानं सांगितला. तिनं मनात गुणाकार केला आणि आकडा सांगितला, पलीकडच्या बाकापर्यंत जाईल असा.

"बरं," तो माणूस म्हणाला.

एवढंच. बरं. लवोनानं मान खाली घातली आणि रुमालानं डोळे पुसले.

"तिखट लागलं?" मर्व्हनं हळूच विचारलं.

"हो," ती म्हणाली. त्या चर्चची चिली आजवर कुणालाही तिखट लागलेली नाही.